न रागावणाऱ्या बाई

मे महिन्यांतील रविवारची दुपार होती. मंगळवार पेठेंतील आमच्या जुन्या घराची माडी त्या दिवसांत भट्टीसारखी तापते, म्हणून जेवणें आटोपलीं कीं घरांतील लहानथोर मंडळी माजघरांतल्या शहाबादी फरशीवर पाठ टेकते. तांब्यांत पाणी भरून घेण्याकरितां आम्ही उठलों, तों जिन्याच्या वरच्या टोकाकडून कोणीतरी पुटपुटत असल्याचें कानीं आलें. "ससा... ससा ध... धांव... ससा धांवत आला." क्षणभर स्तब्धता. मग एका स्त्रीचा गोड, परंतु सर्वस्वीं अनोळखी आवाज आला आणि त्यानें वाचणाऱ्यास शाबासकी दिली. भर दुपारीं आमच्या माडीवर ही परकी स्त्री कोठून आली, हें पाहावें म्हणून आम्ही पावलांचा आवाज न करतां जिना चढलों.

वर परकें कोणीच नव्हतें. वाळवणाच्या परातींमागें, जुन्या ट्रंकेला टेकून आमच्या थोरल्या बंधूंचा नातू बसला होता. घरांत सारे त्याला बाळ म्हणतात. आम्हीहि येथें तेंच नांव चालवूं. त्याच्या हातांत त्याच्या आईचा मोबाईल होता आणि पडद्यावर ठळक अक्षरांत दोनचार ओळी दिसत होत्या. घामानें सदरा पाठीला चिकटला होता, पण त्याचें त्याला भान नव्हतें. आमची सांवली पडतांच मात्र त्यानें मोबाईल मांडीखालीं सरकविला.

"वाच कीं. थांबलास कां?" आम्हीं विचारलें.

तो मान खालीं घालून म्हणाला, "मला वाचायला येत नाही, आजोबा."

"अरे, आतां तर वाचत होतास!"

"ते बाईंच्यापुढं."

वाचकहो, तीस वर्षें आम्हीं एका हायस्कुलांत मराठी हा विषय शिकविला आहे. स्पष्ट उच्चार आणि शुद्ध वाचन यांविषयीं आमचा लौकिक होता, आणि आमच्या हाताखालून गेलेले कित्येक विद्यार्थी महाद्वार रोडवर भेटले म्हणजे आजहि वांकून नमस्कार करतात. अशा आमच्यासमोर आमच्याच घरांतील आठ वर्षांच्या मुलास एक ओळ वाचण्याचें धैर्य होऊं नये, आणि तळहाताएवढ्या कांचेपुढें तें व्हावें, ही गोष्ट कांहीं केल्या आमच्या घशाखालीं उतरेना. तांब्या तसाच रिकामा घेऊन आम्ही खालीं आलों.

ही हकीकत २०२२ सालची. बाळ पहिलींत गेला तो जून २०२० मध्यें; 'गेला' म्हणावयाचें तें केवळ हजेरीपटावर. त्याच वर्षींच्या मार्चांत कोरोनाच्या सांथीमुळें शाळांना कुलपें लागलीं होतीं. ज्या करवीर संस्थानांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला, त्याच कोल्हापुरांत शंभर वर्षांनीं पालक मुलाचा हात धरून उभे आणि शाळाच बंद, असा उलटा प्रकार झाला. दंड कोणास करावयाचा? पहिलीचें वर्ष मोबाईलच्या पडद्यावर गेलें, दुसरीचें बरेचसें तसेंच गेलें, आणि बाळाला तिसरींत बसविण्याची वेळ आली तेव्हां ध्यानांत आलें कीं मुलाला कविता तोंडपाठ आहेत, पाढे येतात, पण पुस्तकांतील अनोळखी ओळ पुढें केली कीं तो चित्राकडे पाहून अंदाजानें बोलतो.

असा तो एकटाच नव्हता. ग्रामीण भागांत घरोघर जाऊन मुलांचें वाचन तपासणारा 'असर' नांवाचा एक अहवाल २००५ पासून निघतो. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचूं शकणारीं तिसरीचीं मुलें २०१८ सालीं देशांत शेंकडा २७.३ होतीं, तीं २०२२ सालीं शेंकडा २०.५ वर आलीं. २०२४ च्या पाहणींत हा आंकडा पुन्हां २७.१ पर्यंत वर चढला. म्हणजे सांथ येण्यापूर्वींहि चारांतील तिघे जवळजवळ मागेंच होते! असे आंकडे वाचून मनुष्य हळहळतो आणि पान उलटतो. पण तोच आंकडा आपल्या ओसरीवर अंकलिपी घेऊन बसला म्हणजे पान उलटतां येत नाहीं.

आम्हीं त्याला शिकवूं पाहिलें नाहीं असें नव्हे. रोज सकाळीं आमचें स्नान व पूजा झाली कीं बाळ आमच्यासमोर बसे. आम्हीं त्याला कधीं हात लाविला नाहीं; रागें भरलों असेंहि नाहीं. तो चुकला म्हणजे आम्ही फक्त "हं?" म्हणत असूं, आणि चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहत असूं. वर्गांत एवढें पुरत असे. येथें मात्र पहिल्या 'हं' नंतर तो शब्द बदलून पाही, दुसऱ्या 'हं' नंतर डोळे भरून येत, आणि तिसऱ्यापर्यंत पाळी येण्यापूर्वींच त्याला तहान लागलेली असे. शेवटीं एके दिवशीं वहिनींनीं माजघरांतून हटकलें, "भाऊजी, तुम्ही मुलाला शिकवतां कीं त्याचे पेपर तपासतां? तुमचं तें 'हं' ऐकलं कीं मला माझं स्वतःचं नांव आठवेनासं होतं."

वहिनी म्हणजे बाळाची सख्खी आजी. त्यांनीं एवढें स्पष्ट बोलावें ह्याचें आम्हांस वाईट वाटलें. खोटें कशाला सांगा, रागहि आला. पण त्यानंतर ती सकाळची शिकवणी आपोआप बंद पडली.

मोबाईलमधील तो खेळ सूनबाईंनीं आणला होता. त्या बँकेंत नोकरीस आहेत. बाळाच्या शिक्षिकेनें सुचविल्यावरून त्यांनीं तो उतरवून घेतला, आणि आम्हांस तो आवडणार नाहीं हें ठाऊक असल्यामुळें सांगितला मात्र नाहीं. आमचें मत घरांत सर्वश्रुत होतें : खेळ तो खेळ आणि अभ्यास तो अभ्यास, व मोबाईल ही वस्तु या दोहोंचाहि नाश करणारी. त्या रात्रीं जेवणानंतर आम्हीं विषय काढला. सूनबाई शांतपणें म्हणाल्या, "काका, दिवसांतून वीस मिनिटं. आणि तुम्ही एकदां तो स्वतः बघा, मग नको म्हणालांत तर काढून टाकीन."

एखाद्या शाळेची तपासणी करावी तशा थाटांत आम्ही दुसऱ्या दिवशीं त्या खेळास बसलों. त्याचें नांव 'रीड अलाँग'. एक गोष्ट पडद्यावर येते, मूल ती मोठ्यानें वाचूं लागतें, आणि दिया नांवाची एक चित्रांतली मुलगी ती ऐकते. बाळानें तिला परस्पर 'बाई' करून टाकिलें होतें. शब्द बरोबर वाचला कीं त्याचा रंग बदलतो. अडला तर त्यावर बोट ठेवावें, म्हणजे ती तो उच्चारून दाखविते. गोष्ट संपली कीं वाचनाप्रमाणें तारे मिळतात.

"तुम्ही वाचून बघा ना, आजोबा," बाळ म्हणाला.

आम्हीं चष्मा सारखा केला, घसा साफ केला, आणि वर्गांत ज्या आवाजानें पद्य वाचीत असूं त्या आवाजांत पहिली ओळ म्हटली. एकाहि शब्दाचा रंग पालटला नाहीं. पुन्हां म्हटली, एक शब्द पालटला, दुसरा तसाच. कांहीं आठवड्यांपूर्वींच आम्हीं नवी कवळी बसवून घेतली होती, आणि 'स' व 'श' म्हणतांना ती किंचित् शीळ घाले. दोष तिचाच होता. पण त्या क्षणीं आमच्या कानशिलांना जो ऊन स्पर्श झाला तो कवळीचा नव्हता. कोणी पाहत तर नाहीं ना, म्हणून आम्हीं दाराकडे नजर टाकिली. तेवढ्यांत बाळानें आमच्या गुडघ्यावर हात ठेविला आणि अगदीं खालच्या आवाजांत म्हणाला, "घाबरूं नका, आजोबा. परत म्हणा. बाई रागावत नाहीत."

आम्हीं परत म्हटलें.

ह्या खेळाची पूर्वपीठिका पुढें आम्हीं चौकसपणें पाहिली. मार्च २०१९ मध्यें गूगल कंपनीनें 'बोलो' या नांवानें तो प्रथम हिंदुस्थानांत आणला, तेव्हां त्यांत हिंदी व इंग्रजी एवढ्याच भाषा होत्या. त्यापूर्वीं 'असर' अहवाल काढणाऱ्या संस्थेच्याच साहाय्यानें उत्तर प्रदेशांतील सुमारें २०० खेड्यांत त्याची चांचणी घेण्यांत आली होती, व तीन महिन्यांत शेंकडा ६४ मुलांच्या वाचनांत सुधारणा दिसली असें कंपनीनें जाहीर केलें. (उरलेल्या ३६ मुलांविषयीं कोणी बोलत नाहीं; जाहिरातीची ही रीतच आहे.) २०२० सालीं त्याचें नांव बदलून तो जगभर खुला झाला, आणि मराठीहि त्यांत आली. एकदां उतरवून घेतलेल्या गोष्टी वाचण्यास इंटरनेट लागत नाहीं, ही त्याची सोय आमच्यासारख्या जाड भिंतींच्या घरांत विशेष जाणवते.

परंतु आम्हांस पटला तो त्याचा गुण ह्यांपैकीं कोणत्याहि कागदावर नव्हता. ती यंत्रांतली मुलगी भुंवई उंचावत नाहीं. चौदाव्यांदा चुकलें तरी तिचा आवाज पहिल्या वेळेसारखाच असतो. तिला दुपारची झोंप येत नाहीं, आणि 'तुझा बाप तुझ्या वयांत वर्तमानपत्र वाचीत असे' हें वाक्य तिला ठाऊक नाहीं. हें वाक्य आम्हीं बाळाला किती वेळां ऐकविलें होतें, तें आठवून आम्ही त्या रात्रीं बराच वेळ जागे होतों.

आतां सर्वच खेळ सारख्या योग्यतेचे असतात असें कोणी समजूं नये. सूनबाईंनीं आणखी एक खेळ घेतला होता, त्याचें नांव आम्ही सांगत नाहीं. त्यांत अक्षरांचे फुगे वर चढत, आणि कानीं पडेल तें अक्षर फोडावयाचें असे. कल्पना चांगली, परंतु करणाऱ्यानें हिंदीचा सांचा घेऊन त्यावर मराठीची पाटी लाविली होती हें दहा मिनिटांत उघड झालें. 'चार' आणि 'चारा' या दोन शब्दांतील 'च' निराळे आहेत, हें मराठी मुलाला आईच्या मांडीवरच कळलेलें असतें. ह्या खेळांतल्या आवाजाला तें ठाऊक नव्हतें. तो 'चमचा' असा कांहीं म्हणे कीं वहिनी पदर तोंडाला लावून हंसत. त्याहून मोठा घोटाळा 'ल' चा झाला. आपल्या पाठ्यपुस्तकांतला 'ल' दोन पाकळ्यांचा, बिनदांड्याचा. पडद्यावरचा 'ल' उजवीकडे उभा दांडा असलेला, हिंदी वळणाचा. 'श' चीहि तीच कथा. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें मराठी वळणाचा 'ल' व 'श' निश्चित करून दिले आहेत, परंतु मोबाईलमधील अक्षरें बहुधा तो निर्णय वाचीत नाहींत. बाळ तो दांड्याचा 'ल' पाहून कितीतरी दिवस थबकत असे, आणि आम्ही त्याच्या मंदपणाला दोष देत होतों. दोन निराळ्या चित्रांना एकच नांव आहे हें त्याला कोणी सांगितलेंच नव्हतें.

आपली लिपि उच्चाराप्रमाणें लिहिली जाते म्हणून ती सोपी, असें आम्ही वर्गांत अभिमानानें सांगत आलों. शिकणाऱ्याच्या बाजूनें पाहिलें तर हिशेब वेगळा येतो. ३४ व्यंजनांना १२ स्वर लाविले कीं ४०८ अक्षरें झालीं. त्यांत आतां 'ॲ' आणि 'ऑ' यांची भर पडून बाराखडीची चौदाखडी झाली आहे, म्हणजे ४७६. त्यावर जोडाक्षरें. एकटा 'र' च घ्या : 'सूर्य' मध्यें तो डोक्यावर बसतो, 'चक्र' मध्यें पायाला बिलगतो, 'राष्ट्र' मध्यें खालीं छत्रीसारखा उघडतो, आणि 'आचार्यास' लिहावयाचें तेथें 'आचाऱ्यास' लिहिलें गेलें तर गुरुजींच्या हातीं झारा येतो! ऱ्हस्व वेलांटी तर उच्चारांत अक्षरानंतर ऐकूं येते आणि लेखनांत अक्षराच्या आधीं उभी राहते. आमच्या लहानपणीं सारख्या आकाराचीं अक्षरें एकत्र बांधून ग म भ न या क्रमानें शिकवीत, त्यांत किती व्यवहारज्ञान होतें, हें सत्तरी उलटल्यावर आमच्या ध्यानांत आलें.

अक्षरांच्या अशा खेळांचा सर्वांत मोठा अभ्यास फिनलंडांत झाला आहे. तेथील युव्हास्क्युला विद्यापीठांत हायकी ल्यूटिनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, ज्या घराण्यांत वाचनाचा दोष पिढीजात आहे अशा घरच्या मुलांचें जन्मापासून निरीक्षण केलें, आणि त्यांतून 'ग्राफोगेम' हा खेळ निघाला. मूल एक ध्वनि ऐकतें, आणि वरून पडणाऱ्या अक्षरांतून त्या ध्वनीचें अक्षर टिपतें. फिनिश भाषेंत जवळजवळ एका अक्षराला एकच ध्वनि, त्यामुळें तेथें तो शोभला. पुढें तो अनेक देशांत गेला. २०२० सालीं त्यावरचे १९ निरनिराळे अभ्यास एकत्र करून तपासण्यांत आले, तेव्हां शब्दवाचनावर त्याचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य भरला. मात्र जेथें मुलाजवळ मोठें माणूस बसून खेळांत मनापासून लक्ष घालीत होतें, तेथें परिणाम चांगलाच दिसला. हें वाचलें तेव्हां आम्हांस नवल वाटलें नाहीं, कारण तोंवर आमच्या माजघरांत त्याचा अनुभव येऊन चुकला होता.

तो असा. जून संपतां संपतां बाळाला ताऱ्यांची चटक लागली. एकेका बैठकींत तो चार चार गोष्टी उरके, आणि जेवतांना तारे मोजून सांगे. आम्ही खूष होतों. वाचन सुधारलें होतें यांत शंका नव्हती. एके संध्याकाळीं त्यानें ससा व कासव यांची गोष्ट एका दमांत वाचली. वहिनी वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं सहज विचारलें, "मग शेवटीं पुढं कोण गेलं रे?"

बाळ गोंधळला. "कोण म्हणजे?"

"अरे, शर्यत कुणी जिंकली?"

"ते माहीत नाही. पण मला पांच तारे मिळाले."

आम्ही हंसलों, वहिनी हंसल्या नाहींत. वात बाजूस ठेवून त्या म्हणाल्या, "ये, बस इथं. परत वाच, मला नीट ऐकूं आलं नाही." वास्तविक त्यांचे कान शाबूत आहेत, अधू आहेत ते डोळे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनहि आंतला पडदा बिघडल्यामुळें त्यांना अक्षर लागत नाहीं. आमचे बंधू हयात होते तोंवर रोज सकाळीं चहाबरोबर ते वहिनींना वर्तमानपत्र वाचून दाखवीत, मथळ्यांपासून थेट निधनवार्तांपर्यंत. २०१९ सालीं ते गेले. नंतर ते काम आमच्याकडे आलें आणि आम्हीं तें कसेंबसें चालविलें; बहुतेक वेळां "आज विशेष कांहीं नाहीं" असें सांगून आम्ही पान मिटीत असूं.

त्या संध्याकाळपासून असा नेम पडला कीं बाळानें मोबाईलला एक गोष्ट वाचावी, आणि तीच गोष्ट मग आजीला वाचावी. मोबाईल उच्चार पाही, आजी अर्थ पाही. "मग काय झालं?" हा त्यांचा एकच प्रश्न असे, परंतु त्याला उत्तर द्यावयाचें तर वाचतांना गोष्टींत शिरावें लागे. यंत्रापुढें न अडखळलेला मुलगा येथें अडखळूं लागला, थांबूं लागला, मागच्या ओळीवर जाऊं लागला. आम्हांस ती पीछेहाट वाटली. वहिनींना वाटली नाहीं.

पावसाळ्यांत या शाळेला दुसरा विद्यार्थी मिळाला. मागच्या गल्लींतला एक मुलगा बाळाबरोबर खासबागेकडे खेळावयास जातो. त्याचे वडील उद्यमनगरांतील एका फौंड्रींत कामाला आहेत. घरांत मोबाईल एकच, आणि तो सकाळीं वडिलांबरोबर कामावर जातो. दोन वर्षें शाळा पडद्यावर भरत होती तेव्हां या मुलाची शाळा वडील परतल्यावर रात्रीं आठ वाजतां उघडे आणि मुलाला झोंप आल्यावर मिटे. शिक्षण आतां घरोघर पोंचलें आहे असे लेख आम्हीं त्या काळांत आवडीनें वाचले होते! तो आला, पायरीवर चिखलाचे पाय पुसले, आणि बाळाच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहूं लागला. पाळी पाळीनें वाचण्याचें ठरलें. पहिल्याच ओळींत तो चुकला, आणि संवयीनें आमच्या तोंडून "हं?" निघून गेलें.

त्यानें मान वर करून आमच्याकडे सरळ पाहिलें. "आज्जा, हं काय? काय चुकलं ते सांगा की."

तीस वर्षांत हें आम्हांस कोणीं विचारलें नव्हतें. आम्हीं चूक सांगितली. त्यानें दुरुस्त केली आणि पुढें वाचूं लागला, एवढेंच झालें. बाळ मात्र आमच्या तोंडाकडे आ वासून पाहत राहिला.

दोघांना एक मोबाईल अपुरा पडूं लागला, शिवाय वीस मिनिटांचा नियम सूनबाई कांटेकोर पाळीत. म्हणून वहिनींनीं घरांतल्या जुन्या लग्नपत्रिका काढावयास लावल्या. पाठकोऱ्या, जाड, गुळगुळीत कागदाचा असा साठा प्रत्येक घरांत असतो आणि कोणी तो टाकीत नाहीं. त्यांचे चौकोन कापून आम्हीं त्यांवर ठसठशीत अक्षरें लिहिलीं. 'ल' दोन्ही वळणांचा लिहिला आणि ते दोघे जुळे भाऊ आहेत असें सांगितलें. मग पत्त्यांसारखे वांटून शब्द जुळविण्याचा डाव सुरू झाला, त्यांतून भेंड्या निघाल्या, आणि गोष्टींच्या पुस्तकांची पेटी उघडावी लागली, कारण डावांत आलेला शब्द खरा कीं खोटा याचा निवाडा पुस्तकावर ठरला होता.

हें करतांना आम्हीं कांहीं नवीन करीत आहों असा भ्रम आम्हांस नव्हता. ताराबाई मोडक यांनीं अनुताई वाघ यांच्यासह १९४५ सालीं बोर्डीस खेड्यांतल्या मुलांकरितां बालशिक्षणाचें काम उभें केलें, तेव्हां परदेशी महागड्या साहित्याऐवजीं शंखशिंपले, बिया, पानें असलीं घरचीं साधनें वापरलीं. आणि लांब कशाला जा? याच कोल्हापुरांत १९८५ सालीं लीलाताई पाटील यांनीं 'सृजन आनंद विद्यालय' काढलें. ना. सी. फडके यांची ही कन्या स्वतः शिक्षकांची शिक्षिका होती. आनंद हा शब्द शाळेच्या नांवांतच घातलेला पाहून आम्हीं त्या वेळीं शिक्षकांच्या खोलींत विचारलें होतें, "आनंदानें समास सुटतात काय हो?" विनोदाला भरपूर हंशा मिळाला. त्यांची शाळा आमच्या घरापासून कांहीं दूरदेशीं नव्हती. परंतु त्या जून २०२० मध्यें निवर्तल्या तोंवर ती पाहून येण्याची बुद्धि आम्हांस झाली नाहीं.

दिवाळीपर्यंत मोबाईलमधल्या बाईंकडे जाणें कमी झालें. कोणीं बंदी घातली नव्हती. बाळाला गोष्टी पुरेनात म्हणून म्हणा, किंवा आजीकडे अधिक मजा येऊं लागली म्हणून म्हणा, आठवड्यांतून दोनदां तीनदां तो तिकडे फिरके इतकेंच. एकदां आम्हीं विचारलें, "काय रे, बाईंना विसरलास?" तो म्हणाला, "नाही. अवघड शब्द आला की जातो."

कार्तिकांतल्या एका सकाळीं चहा होत होता. वर्तमानपत्र येऊन पडलें होतें आणि आम्हीं नेहमीप्रमाणें चष्मा शोधावयास घेतला, तों बाळानें तें उचललें व आजीजवळ पाट ओढून बसला. मथळे त्यानें भराभर सोडून दिले. आजीला काय हवें असतें तें त्याला माहीत होतें. निधनवार्तांच्या पानावर बोट ठेवून तो वाचूं लागला. एक नांव वाचलें.

"कुठल्या पेठेंतले?" वहिनींनीं विचारलें.

"शिवाजी पेठ. वय शहाऐंशी."

"अगबाई, त्या आमच्या भजनांतल्या यमूताईंचे दीर असतील. पुढं वाच."

"त्यांच्या पश्... पश्चात पत्नी, दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार आहे. र... रक..." तो थांबला. कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत हा शब्द रोज असतो, आणि आमच्या जिभेच्या टोकावर तो येऊन उभा राहिला होता. बाळानें हळूच आमच्याकडे पाहिलें. आम्हीं चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानें कांचा पुसावयास आरंभ केला. त्या स्वच्छच होत्या.

"रक्षा," तो म्हणाला. "रक्षा... वि... सर... रक्षाविसर्जन."

"कधीं आहे?" वहिनींनीं विचारलें.

"सोमवारी सकाळी नऊ वाजता."

"मग सूनबाईला सांग, मला जायला हवं. आणि पुढचं वाच."